कै. परमेश्वर पुंजाजी

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतं तेव्हाच मी ओळखतो, घरातलं कोण गेलं ते. बढाई नाही ही. वसमतला सव्वीस वर्षं फोटो फ्रेम करतोय. बायको गेलेला माणूस फोटो छातीशी धरून आणतो, बाप गेलेला पिशवीत घालून आणतो. विचारावं लागत नाही आणि आमच्या धंद्यात विचारूही नये. माणूस रडायला लागतो आणि माप घ्यायचं राहून जातं.

तर कुरुंद्याच्या चांगुणाबाई आल्या. सत्तरीच्या, जुन्या लुगड्यात काहीतरी गुंडाळून आणलेलं, डोळे भरलेले.

"माझ्या परमेश्वराचं हाय," त्या म्हणाल्या. "एकुलतं एक पोरगं. गुरुवारच्या आत पाहिजे, माणिकराव. गुरुवारी समदे येणार हायत घरी."

झालं! याहून जास्त काय सांगायला हवं? गुरुवारी तेरावा.

लुगडं उलगडलं. फोटो नव्हता, रंगवलेलं चित्र होतं. विशीतलं पोरगं. तोंड हळदीसारखं पिवळं, म्हणून आधी मला कावीळ वाटली. मग नाक गालावर सरकलेलं आणि एक डोळा खाली उतरलेला दिसला, तेव्हा मोटारसायकलच असणार असं मी ठरवलं. काढणाऱ्याचा रागही आला. गेलेल्या पोराला निदान नाक तरी जागेवर द्यायचं!

"नाव काय टाकू, मावशी?"

"परमेश्वर पुंजाजी. बापाचं जरा बारीक टाका."

मी खाली पांढऱ्या रंगात लिहिलं, 'कै. परमेश्वर पुंजाजी'. 'कै.' कुणी सांगत नाही, ते आम्हीच टाकतो. चंदनाचा हारही दुकानाकडूनच.

म्हाताऱ्या बाईला हेलपाटा नको म्हणून गुरुवारी सकाळी मी स्वतःच फ्रेम घेऊन कुरुंद्याला गेलो. चांगुणाबाई फाट्यावर गेल्या होत्या. शेजारच्या सखुबाईनं कडी काढून दिली. आत चुलीवर पुरणाची डाळ रटरटत होती. मी ओसरीत खिळा ठोकला, फ्रेम लावली, हार घातला, उदबत्ती लावली आणि सवयीनं हात जोडून म्हणालो, "लई वाईट झालं."

सखुबाई फ्रेमकडे बघतच राहिली. "परमेश्वर गेला?"

"तुमाला म्हाईत न्हाई?"

"आवो, चांगुणा तर त्यालाच आणायला गेली. बावीस सालानं येऊन राहिला तो."

तेराव्याचा हिशोब आता जुळेना. पण सव्वीस वर्षांचा अनुभव असा सहजासहजी हार मानत नाही. "मंग तसाच आणणार असतील," मी म्हणालो. देवाशपथ, असंच म्हणालो.

सखुबाईनं टाहो फोडला. पंधरा मिनिटांत ओसरी भरली. कुणीतरी डाळ उतरवून चूल विझवली. सुतकाच्या घरात पुरण कसं शिजवणार?

मग चांगुणाबाई आल्या, एकट्याच. एसटी आली होती, पोरगा आला नव्हता. बायांनी वाट करून दिली. त्या फ्रेमसमोर उभ्या राहिल्या. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं. हार कळला.

"कव्हा?" त्यांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चांगुणाबाई होत्या तिथंच खाली बसल्या. "मीच बोलावलं त्याला," त्या म्हणाल्या. "न्हाई तर काहून निघाला असता?" जन्मात मला इतकी लाज कधी वाटली नाही.

तेवढ्यात दारात एक भाड्याची गाडी थांबली. टक्कल पडलेला, चष्मा लावलेला माणूस उतरला. नाक जागेवर होतं, त्यामुळे मी ओळखलं नाही.

"काहून रडून राहिल्या समद्या? कोण गेलं?" त्यानं विचारलं आणि मग भिंतीकडे बघितलं.

चांगुणाबाईंनी बसल्या जागेवरून हात लांब करून त्याचा पाय चाचपला. बराच वेळ सोडला नाही.

मग सगळं कळलं. विसाव्या वर्षी घरातल्या तडकलेल्या आरशात बघून त्यानं आपलाच चेहरा काढला होता, आरशात दिसला तसाच. पुंजाजींनी, म्हणजे बापानं, ते चित्र धान्याच्या कोठीवर झाकण म्हणून ठेवलं आणि पोरगा घर सोडून गेला. आता असलेच वाकडे चेहरे काढून तो मुंबईत मोठा झाला होता. प्रदर्शनात त्याला हे पहिलं चित्र हवं होतं. 'येऊन घेऊन जा' असा चांगुणाबाईंनीच निरोप धाडला, म्हणून तो ते न्यायला आला होता, तोही संध्याकाळपर्यंतच. 'समदे' येणार होते ते त्याच्यासोबत पुरणपोळी खायला.

मी माफी मागितली आणि 'कै.' खरवडायला नख लावलं. त्यानं माझा हात धरला.

"राहू द्या," तो म्हणाला. "हे पोरगं खरंच गेलं."

चांगुणाबाईंनी ते ऐकलं. त्या चूल पुन्हा पेटवायला गेल्या.

संध्याकाळी तो चित्र हारासकट घेऊन गेला. पुढे पेपरात छापून आलं की हार आणि 'कै.' हाच त्या चित्रातला सर्वांत धाडसी विचार आहे. मी ते तीनदा वाचलं. माझं नाव कुठंच नव्हतं.

मागच्या महिन्यात चांगुणाबाई पुन्हा पायरी चढल्या. या वेळी मी काहीही ओळखलं नाही. त्यांनी पेपरातलं कात्रण काढलं. चित्राशेजारी पोरगा उभा होता.

"खिळा मोकळाच हाय भितीवर," त्या म्हणाल्या. "हे बसवून द्या."

"परत येणार हाय का, मावशी?"

"फोन लावतो म्हनला व्हता." त्यांनी कात्रण काउंटरवर हातानं सपाट केलं. "आन् माणिकराव, या बारीला नावाच्या आधी काही टाकू नका. जित्ता हाय तो."

"न्हाई टाकत, मावशी," मी म्हणालो. हात मात्र तोवर हारांच्या खोक्यात गेला होता.