करवंटीतली शेपटी

एका जंगलात झाडं थोडी आणि समित्या फार होत्या. तिथे झिपरी नावाची खार राहायची. बाळांनो, ती फार काळजी करायची. वारा सुटला तरी काळजी, पडला तरी काळजी.

एके दिवशी तिच्या टुणकूची शेपटी फाशात अडकून तुटली. शेपटीवाचून खारीचा तोल कसा राहणार? टुणकू फांदीला चिकटूनच बसला.

"आई, मी आता उडी मारायचीच नाही का गं?"

झिपरी खोडावरच्या पालीकडे, पालकाकूंकडे धावली. शेपटीच्या विषयात पालकाकूंना घरचाच अनुभव. त्यांनी टुणकूच्या उरल्या बुडख्यातून चिमूटभर पेशी काढल्या, काथ्याच्या सांगाड्यावर पसरल्या आणि सांगाडा करवंटीतल्या कोमट रसात ठेवला.

"हे सतत हलवायचं. म्हणजे रस आणि हवा आतवर पोचते."

"किती जोरात, काकू?"

"झोपलेलं मूल उठणार नाही इतपतच."

हे माप झिपरीला पाठ होतं. ती करवंटी झुलवत बसली. घडीघडी झाकण उघडून बघायची. मग, 'सारखं उघडून बिघडवलं तर नाही ना मी?' म्हणून हळहळायची.

नवव्या दिवशी काथ्यावर बोटभर कोवळं मांस धरलं!

बातमी दरबारात गेली. प्रधान कोल्हेसाहेब समितीसह आले.

"करवंटीत एक शेपटी, तर हौदात हजार. साधा गुणाकार आहे. ही करवंटी विरजण म्हणून द्या."

"हौदाच्या मधोमध हवा कशी पोचायची?" पालकाकूंनी विचारलं.

"हत्ती ढवळेल."

"अगं बाई! हत्ती?" झिपरी म्हणाली. "इतक्या जोरात?"

"बाई, तुम्ही आई आहात, तज्ज्ञ नाही. उगाच ढवळाढवळ करू नका."

झिपरीला वाटलं, खरंच, आपलं जरा अतीच होतं. सासूबाईही हेच म्हणायच्या. तिने करवंटी देऊन टाकली.

हत्तीने सोंड घालून हौद घुसळला. कडेच्या पेशी सोलवटून निघाल्या, मधल्या गुदमरल्या. चौथ्या दिवशी हौदाला वास सुटला. सांगाडे वर तरंगले. नुसता काथ्या!

कोल्हेसाहेबांनी तो वाळवला, विंचरला आणि 'राजमान्य शेपटी' म्हणून थाटात वाटला. टाळ्या कडाडल्या. टुणकू काथ्या बांधून उडी मारणार, तोच झिपरीने त्याचा कान धरला.

"उतर खाली! खबरदार!"

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पालकाकूंकडून टुणकूच्या चिमूटभर पेशी काढून घेऊन आली आणि नवी करवंटी झुलवत बसली.

दहाव्या दिवशी दरबारचा पहारेकरी मुंगूस डोकावला. "काय झुलवताय, वहिनी?"

"चटणी मुरतेय."

"झोका देऊन?"

"आमच्यात अशीच मुरते, भावजी."

मुंगूस गेल्यावर तिने झाकण किलकिलं केलं. या खेपेला लवसुद्धा फुटली होती. टुणकूला दाखवून तिने झाकण लावलं. आणि लगेच पुन्हा उघडून पाहिलं.

तात्पर्य : बाळांनो, भांडं नेहमी मोठंच घ्यावं. लहान भांड्यात नुसतंच काम होतं.