तीनची तालीम, चारची मुलाखत

"आज मला कुणी अडवून दाखवावंच!" सुनबाईने उकडलेला बटाटा कुस्करता कुस्करता जाहीर केलं.

बोलायला ती मोकळी होती, कारण तयारी जंगी होती. लेकीच्या जन्मामुळे इंजिनिअरिंगचं पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षं रखडलेलं. आता इंटर्नशिप मिळाली नाही तर हेही वर्ष हातचं जाणार. म्हणून सासरेबुवांनी कंबर कसली होती. कारखान्याच्या देखभाल विभागात हयात घालवलेला माणूस! रोज कुणाकुणाचा फोन मागून आणायचे, आवाज घोगरा करायचे आणि सुनेची खोटी मुलाखत घ्यायचे.

कंपनीचा फोन चारला येणार होता. "तीनला शेवटची तालीम!" असं बजावून सासरे खाली दुकानदाराचा फोन मागायला गेले.

सव्वातीनला फोन वाजला. अनोळखी नंबर. घोगरा आवाज.

"नमस्कार. कंपनीतून बोलतोय. जरा लवकर फोन केला, चालेल ना?"

"वा, बाबा! आज आवाज काय फक्कड लागलाय!"

मग सावकाश प्रश्न आला, "पंपाचं बेअरिंग तापतंय. काय कराल?"

"अहो, परवा हेच विचारलंत की! आधी वंगण बघेन, मग शाफ्ट सरळ आहे का ते. आणि हो, तुमच्यासारखं आधी हेल्परवर ओरडणार नाही!"

मांडीवरच्या लेकीने बटाट्याची मूठ आईच्या केसांत पुसली.

"इंटर्नशिप का हवी आहे?"

पाठ केलेलं उत्तर ओठांवर आलं होतं. पण बाबांपुढे कसलं नाटक!

"खरं सांगू, बाबा? भीती वाटते हो. दोन वर्षांत सगळं विसरले की काय, असं वाटतं. पण काल वॉशिंग मशीन थडथडलं ना, तेव्हा ड्रम हाताने फिरवला आणि लगेच कळलं, बेअरिंग गेलंय. इतका आनंद झाला! मशीन बिघडल्याचा आनंद! म्हटलं, आहे अजून, गेलेलं नाही हातातून. मला फक्त पुन्हा यंत्रांजवळ उभं राहायचंय."

इतक्यात दार उघडलं. धापा टाकत सासरे आत आले. "त्या दुकानदाराचा फोन बंद पडलाय मेला! ... तू कुणाशी बोलतेयस?"

सुनबाईने सासऱ्यांकडे पाहिलं. मग फोनकडे. पायाखालची फरशी सरकली!

"स... सर?"

"हो, कंपनीतूनच बोलतोय," आवाज हसला. "सत्तावीस उमेदवारांशी बोललो. सगळ्यांना सगळं येत होतं, भीती कुणालाच वाटत नव्हती. सोमवारी साडेनऊला या. आणि हेल्परवर ओरडायचं नाही, हे आमच्या इथल्या लोकांनाही सांगा."

आता रीतसर आभार मानायचे होते. वाक्य तयारही होतं. पण डोळे भरून आले आणि तोंडातून एवढंच बाहेर पडलं, "बरं, बाबा!"

फोन ठेवला. सोमवारी त्या माणसासमोर कोणत्या तोंडाने उभं राहायचं, याची तालीम मात्र अजून कुणी घेतलेली नाही.