रिकामी खोली पाडण्यात येईल

कायद्यातून वाट कशी काढायची, हे मला कुणी शिकवू नये! उभं आयुष्य मी किसुमूच्या कोर्टात कारकुनी केली आहे. भलेभले वकील माझ्या टेबलाशी येऊन हळूच विचारायचे, "ओचोला, यात काही पळवाट आहे का हो?" मी चष्मा कपाळावर ढकलायचो आणि म्हणायचो, "साहेब, दार बंद असलं तरी खिडकी असतेच!" त्यामुळे आमच्या कोवादीला काउंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारने, बांधकामाचे नवे नियम लावायचं ठरवलं, तेव्हा अख्ख्या वस्तीत मी एकटाच निर्धास्त होतो. निर्धास्त माणसाचं काय होतं ते आता ऐका.

कोवादी हे पूर्वी गाव होतं. शहर सरकत सरकत आमच्या अंगावर आलं आणि गावाची वस्ती झाली. अर्ध्या लोकांनी जमिनी विकल्या, तिथे निळ्या पत्र्यांचे बंगले उठले. उरलेले आम्ही शेराच्या कुंपणाआड आपापल्या आवारात, कोंबड्या आणि शेळ्या सांभाळत बसलो. आता बंगलेवाल्यांना शेळ्या नकोत आणि आम्हाला बंगलेवाले नकोत. म्हणून काउंटीने म्हटलं, नियम करू.

रविवारी चर्च सुटल्यावर शाळेच्या मैदानात आंब्याखाली सभा भरली. अध्यक्षपदी अवुओर बाई. शाळेच्या माजी मुख्याध्यापिका. निम्म्या सभेने त्यांच्या हातचा मार खाल्लेला असल्यामुळे शांतता आपोआप होती. काउंटीकडून म्युलवा नावाचा तरुण साहेब आला होता. उकांबानीकडचा, म्हणजे परमुलखातला, बोलायला गोड, काखेत नकाशाची गुंडाळी. त्याने चहा आणि तळलेल्या गोड मांदाझी व्हायच्या आत नियम वाचायला घेतले. हीच त्याची पहिली चूक. उपाशी माणसाला कुठलाच नियम पटत नाही.

पहिला नियम, आवारात थडगं बांधायचं नाही. लगेच म्हातारा ओंबोगो काठी टेकत उभा राहिला.

"पोरा, मग मी मेल्यावर जायचं कुठे?"

"दफनभूमीत, आजोबा. काउंटीने जागा राखून ठेवली आहे."

"अनोळखी लोकांत?"

"हो... म्हणजे हळूहळू ओळख होईल," म्युलवा म्हणाला. बिचाऱ्याला धीर द्यायचा होता!

"माझा बाप माझ्या अंगणात आहे, आजा आहे. मी चर्चमध्येसुद्धा अनोळखी माणसाशेजारी बसत नाही, आणि तू मला तिथे कायमचा झोपवणार?"

सभा पेटली. शेळ्यांवर बोलायला कुणाला उसंतच मिळाली नाही. अवुओर बाईंनी टेबलावर छडी आपटली (ती अजून त्यांच्याजवळ आहे!) आणि म्हणाल्या, "थडगी नंतर! पुढचा नियम!"

पुढचा नियम असा होता: फाटक आणि मुख्य घर यांच्या मध्ये दुसरं बांधकाम नको, अग्निशमनाचा बंब आत यायला हवा. आहेत त्या खोल्यांत कुणी राहत असेल तर त्या राहतील. रिकामी खोली पाडण्यात येईल. तपासणी महिनाअखेरीस.

सभेत लोक माना डोलावत होते. मी मात्र म्युलवाला तो नियम पुन्हा वाचायला लावला.

कारण माझ्या आवारात, फाटकाच्या आत, एक खोली आहे. ती माझ्या मुलाची, ओमोलोची. आमच्यात मिसरूड फुटलेला मुलगा बापाच्या छपराखाली झोपत नाही. त्याला फाटकाकडे स्वतःची खोली लागते. ओमोलो खोली बांधायच्या आधीच कॅनडाला गेला. तिथे वृद्धाश्रमात काम करतो, दुसऱ्यांच्या बापांना चमच्याने भरवतो. दरवर्षी म्हणतो, "यंदा जमत नाही बाबा, पुढच्या डिसेंबरला नक्की." आधी कागदपत्रं अडली होती, मग रजा अडली, आता काय अडतं ते मी विचारत नाही. अख्खं गाव मला "ओमोलोचे बाबा" म्हणून हाक मारतं, आणि प्रत्येक हाकेला मी आपला उगाच फाटकाकडे बघतो.

खरं तर असल्या खोलीचा पहिला खांब मुलाने स्वतः रोवायचा असतो. पण माझ्या वयाला तेवढं थांबवेना. मीच बांधली. फाटकापाशी सरकारने गटाराचा चर खणून ठेवला होता, म्हणून ती जरा वर, घराच्या बाजूला सरकवली. बायकोला सांगितलं, मक्याचं कोठार आहे. ओमोलोचं नाव काढलं की ती उठून स्वयंपाकघरात जाते आणि भांडी आपटत बसते, म्हणून. आता ती खोली पाडायची? मुलाची खोली बाप पाडतो त्याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो, आणि तो मी जित्याजागत्या मुलाबद्दल इथे लिहिणार नाही.

पण मी ओचोला! कोर्टाचा कारकून! नियमात पळवाट लख्ख दिसत होती. राहतं घर पाडता येत नाही ना? मग घर राहतं दिसलं पाहिजे. राहायला माणूस लागतोच असं कुठे लिहिलंय?

मी स्वतः तिथे झोपू शकत नव्हतो. बाप मुलाच्या खाटेवर झोपणं सोडा, टेकतसुद्धा नाही. मग मी बाजारातून रंगीत लेसो आणला, बायका कमरेला गुंडाळतात तसला, आणि खिडकीला पडदा म्हणून लावला. भिंतीवर आरसा टांगला. दारात चपला ठेवल्या. बाजारात त्या दिवशी लालच होत्या आणि लहान मापाच्याच होत्या, मी काय करू? संध्याकाळी आत रेडिओ लावायचो. नेमकी त्याच वेळी कुणी बाई लागायची आणि खळखळून हसत पाककृती सांगायची. शिवाय रोज ओमेनाची बारीक मासळी आणि मक्याच्या उगालीचं ताट झाकून दाराशी ठेवायचो. ते कुत्रं खायचं, पण लांबून ताट रिकामं झालेलं दिसायचं. पुरावा कसा भक्कम हवा!

चौथ्या-पाचव्या दिवशी शेजारचा ओबुया कुंपणावरून डोकावला. हा माणूस म्हणजे वस्तीचं वर्तमानपत्र. फुकट येतं आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येतं.

"अभिनंदन, ओमोलोचे बाबा!"

मला वाटलं, पठ्ठ्याने माझी युक्ती ओळखली. मी तोंडावर बोट ठेवलं. "हळू! तपासणी होईपर्यंत कुठे बोलू नका."

"तपासणी? कुणाची?"

"काउंटीची. साहेब स्वतः येऊन आत बघणार आहे."

ओबुयाचे डोळे विस्फारले. "आता यालाही काउंटी लागते?"

"सगळ्यालाच लागते हो! जमाना बदललाय."

"आणि ओमोलोच्या आईला?"

"तिला कशाला सांगायचं? उगाच त्रास!"

ओबुयाने कुंपणावरून हात घालून माझा हात दाबला. "छातीचे आहात बुवा!" म्हणाला आणि निघून गेला. मीही खुशीत आत आलो. आपल्या हुशारीची कदर करणारा शेजारी मिळायला भाग्य लागतं.

पुढच्या रविवारी चर्चच्या बायका आमच्याकडे आल्या. मांदाझी आणल्या, बायकोला मध्ये बसवून प्रार्थना केली. एकीने तर तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदका दिला. जाताना सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी सदऱ्याची बटणं तपासली. रात्री जेवायला बसलो तर माझं ताटच नाही!

"माझं जेवण?"

"तिकडे वाढून नेताच की रोज," बायको म्हणाली. "तिथेच जेवा."

ताटं नेल्याचा राग आला असेल, असं मी समजलो. अजूनही माझी ट्यूब पेटली नव्हती! ती पेटवली म्हाताऱ्या ओंबोगोने. रस्त्यात भेटला आणि काठीने मला थांबवून म्हणाला, "ओचोला, या वयात दुसरी आणतोयस, आण. पण निदान वडीलधाऱ्यांना सांगून तरी आणायचीस!"

 फाटकाकडची खोली मुलाची असते, आणि घराच्या बाजूला सरकलेली खोली दुसऱ्या बायकोची असते. हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आवार बघून माणसाचा संसार वाचणारे लोक आम्ही! त्यात लेसो, आरसा, लाल चपला, आणि रेडिओत हसणारी ती बया! एवढा भक्कम पुरावा मी कोर्टातसुद्धा पाहिला नव्हता.

घरी जाऊन खुलासा करावा म्हटलं, तर बायको माहेरी निघून गेलेली. ती तपासणीच्या दिवशी सकाळी परतली. बरोबर दोन धिप्पाड भाऊ होते.

म्युलवा मोजपट्टी घेऊन आला. मागोमाग अवुओर बाई, आणि त्यांच्यामागे सगळी कोवादी. बंगलेवालेसुद्धा! इतकी गर्दी काउंटीच्या सभेला कधी झाली नव्हती.

"इथे कोण राहतं?" म्युलवाने वही काढली.

"राहतं... एक माणूस."

"बोलवा."

"बाहेर गेलंय."

"मलाही भेटायचंय त्या माणसाला!" गर्दीतून बायकोचा आवाज आला. ती पुढे झाली, मला बाजूला सारलं आणि दाराला असा धक्का दिला की कडीच निघाली.

आत कुणी नव्हतं. एक खाट होती, प्लास्टिक न काढलेली गादी होती. उशाशी ओमोलोचे फुटबॉलचे जुने बूट होते, मी रोज पुसून ठेवलेले. भिंतीवर त्याचा शाळेच्या संघातला फोटो, चषक धरून दात काढणारा.

बायको उंबऱ्यातच थांबली. ती बुटांकडे बघत राहिली. मी जमिनीकडे. भाऊ एकमेकांकडे.

"मक्याचं कोठार म्हणाला होतात ना?" ती शेवटी म्हणाली. आवाजात राग शोधून सापडला नाही.

"तुला रडू येतं म्हणून..."

"आणि तुम्हाला नाही येत?"

मला येतच होतं, तेही सगळ्या गावासमोर.

म्युलवा घसा खाकरून म्हणाला, "म्हणजे खोली रिकामीच आहे."

"रिकामी कशी?" बायको वळली. "माझ्या मुलाची आहे."

"तो इथे राहतो का, मावशी?"

"राहतो!"

"कधीपासून?"

"जन्मल्यापासून!"

म्युलवाने अवुओर बाईंकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या. ओमोलो त्यांचाच विद्यार्थी, सगळ्यात जास्त छड्या खाल्लेला. "लिहा साहेब," त्या म्हणाल्या, "मुदत दिली. नवीन वर्षापर्यंत खोलीत माणूस दिसला पाहिजे." म्युलवाने मान डोलावून तसं लिहिलं आणि हळूच म्हणाला, "पण त्यानंतर माझ्या हातात नाही हो, बाबा."

गर्दी पांगली. दुसरी बायको निघाली नाही म्हणून काही जण उघड उघड निराश झाले होते. आम्ही दोघं पायरीवर बसलो. नवीन वर्ष काही फार लांब नव्हतं, आणि डिसेंबर तर दरवर्षीच येतो.

त्याच संध्याकाळी फोन वाजला. ओमोलो! एरवी तो महिन्यातून एकदा, तोही घाईत बोलतो.

"बाबा, हे मी काय ऐकतोय? ओबुयाच्या मुलीने परवाच सगळ्या परदेशातल्या कोवादीकरांना व्हॉट्सॲपवर कळवलंय! खोलीचा फोटोसुद्धा टाकलाय! लाल चपला! तुम्हाला या वयात हे सुचतंय? आईचा काही विचार?"

"अरे ओमोलो..."

"एक शब्द बोलू नका! मी तिकीट काढलंय. शनिवारी पोचतोय. समोर बसवून जाब विचारणार आहे. तोवर त्या बाईला घरात घ्यायचं नाही, सांगून ठेवतो!"

माझ्या कानात एकच शब्द घुमत राहिला. शनिवार. पण काही झालं तरी मी कोर्टाचा माणूस, खोटी साक्ष मला जमत नाही. मी म्हणालो, "बाळा, तुझा काहीतरी गैरसमज..."

पुढचं बोलायच्या आत बायकोने फोन हिसकावला.

"खरं आहे रे बाळा! सगळं खरं आहे! तरुण आहे, उंच आहे, दिवसभर रेडिओ ऐकत खिदळत असते! माझं इथे कोण ऐकतंय? तू ये रे. तू लवकर ये!" आणि ती हमसून हमसून रडायला लागली. बोललेलं सगळं खोटं होतं. रडणं तेवढं खोटं नव्हतं.

फोन ठेवून तिने डोळे पुसले आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"बघताय काय? शनिवारपर्यंत तोंड उघडलंत तर याद राखा! आणि उद्या बाजारात जाऊन केसांना कलप लावून या. असल्या पांढऱ्या डोक्याच्या म्हाताऱ्याला कोण देणार पोरगी? ओबुयाची मुलगी पुन्हा फोटो टाकेल, आणि त्याला संशय आला तर तिकीट रद्द करेल!"

तर सध्या मी काळ्याभोर केसांनी हिंडतो आहे, आणि ते पाहून वस्तीला पुन्हा तोच संशय आला आहे. ओबुया कुंपणावरून शिट्टी मारतो, चर्चच्या बायका तोंड फिरवतात, म्हाताऱ्या ओंबोगोने तर बोलणंच टाकलं आहे. टाकू दे. विमान शनिवारी उतरतं.