पुळणवाडीचा दम कोणी चोरला?

या, असे जवळ सरका. खांबाला टेकायचे असेल तर टेका, पण झोपू नका. कीर्तनात झोपलेल्याला देव क्षमा करतो, मी करीत नाही. आज तुम्हांला पुळणवाडीच्या हुतुतू संघाची आणि आमच्या भाईंची गोष्ट सांगतो. नमन झाले असे समजा.

भाई आपली ओळख कशी करून देत, ते त्यांच्याच शब्दांत ऐका. "मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर मेंदू म्हणावा असा मेंदू एकच आहे," ते म्हणत, "आणि तो सध्या या टोपीखाली आहे. मी पाऊल पाहून माणसाचे गाव सांगतो, शिंक ऐकून त्याचा धंदा सांगतो. मी गुप्तहेर आहे ही गोष्ट मात्र अत्यंत गुप्त आहे." ती गुप्त राहावी म्हणून त्यांनी दारावर पाटी लावली होती: 'येथे गुप्तहेर राहतात. मागील दाराने यावे.' मुंबईच्या गोदीत रखवालदारी करून भाई गावी परतले, ते ही टोपी आणि एक भिंग घेऊन. मी महादू, त्यांचा मदतनीस. माझे काम छत्री धरणे आणि थक्क होणे. कीर्तनात बुवांच्या मागे टाळ धरून उभे राहायची सवय असल्याने मला दोन्ही जमत असे.

साठ-एकसष्टचा सुमार असेल. त्या वर्षी गणपतीनंतर आमचा संघ सारखा हरत होता. कुडाळला हरला, कणकवलीला हरला, आणि एके ठिकाणी तर समोरचे निम्मे गडी तापाने फणफणलेले असताना हरला. आदल्या वर्षी ढाल जिंकून आणली ती हीच पोरे! कप्तान लवू, आणि चढाईला गुरुदास. हुतुतूत सगळा खेळ दमाचा. एका श्वासात 'हुतुतू' म्हणत समोरच्या अंगणात शिरायचे, आणि ते पंचाला ऐकू आले पाहिजे. नाही आले तर गडी बाद. गुरुदासाचा दम खाडीपलीकडच्या होड्यांना ऐकू जायचा. यंदा मात्र तो चढाईला जायचा आणि पंचाची शिट्टी वाजायची. आम्ही प्रेक्षक दोरीच्या पार मागे, म्हणून शिट्टी का वाजली ते कोणाला कळत नसे. कळत नसल्यामुळे प्रत्येकाला खात्री असे.

देवळासमोरच्या पारावर रोज याचाच कीस निघायचा.

"लवून गाव इकल्यान!" बाबा म्हणायचे. बाबा म्हणजे आमचे जुने पोस्टमन. "गुरुदासाक उजवीकडसून धाडूचो, तर हो डावीकडसून धाडता. खेळाक काय शास्त्र आसा काय नाय?"

"तुमचा शास्त्र तुमच्या घरात ठेवा," मासळीची पाटी उतरवत यशोदा म्हणायची. "डावीकडसूनच जावक व्हया. लवू तेका पयलो धाडता, ती चूक."

"तू कधी हुतुतू खेळलंस गो?"

"तुमी खेळलास? पत्रां घेवन येय होतास तेवा माज्या खळ्यात बसान धापा टाकी होतास!"

डावे-उजवे हे भांडण तसे हरण्याच्याही आधीचे, आणि गणपतीत ते हातघाईवर आले होते. तेव्हा देवळात गाऱ्हाणे घालण्याचा मान असलेल्या गावकरांनी तोडगा काढला. सामन्याला निघताना संघ देवापुढे उभा राहतो, गावकर गाऱ्हाणे घालतात आणि पोरे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, ही रीत जुनीच. गावकर म्हणाले, "भांडतास कित्याक? ज्येचा जा म्हणणा आसात, ता मी देवाच्या कानार घालतंय." गाव खूष झाला. तेव्हापासून गाऱ्हाणे असे चालू लागले:

"बा देवा रवळनाथा, ही तुजी लेकरां खेळाक चलली, तेंका येस दी!"

"व्हय म्हाराजा!"

"गुरुदासाक उजवीकडसून जावची बुद्धी दी!" हे बाबांचे.

"व्हय म्हाराजा!"

"आणि तो तसो निघालोच, तर तेका मागे फिरव आणि डावीकडसून धाड!" हे यशोदेचे.

"व्हय म्हाराजा!"

मग बाबांच्या जावयाला मुंबईत खोली मिळू दे, यशोदेच्या घोवाच्या जाळ्यात बांगडा पडू दे, भाईंच्या नावाचा डंका वाजू दे. हळू आवाजात दिलेला होकार देवापर्यंत जात नाही, असे आमच्या गावाचे मत. म्हणून मागून आम्ही ओरडत असू, "मोठ्यान रे, मोठ्यान!" पूर्वी गाऱ्हाणे नारळ फुटेपर्यंत आटपायचे. आता निघणाऱ्या गाडीचा बैल बसून घेई. मला मात्र ते फार आवडे. एखादे आख्यान रंगत जावे, तसे रंगत जाई.

जत्रेच्या दिवशी आरोंद्याचा संघ आमच्या पुळणीवर खेळायला येणार होता. त्याआधीच्या रविवारी देवळात बैठक घ्यायची, लवूचे कप्तानपद काढायचे आणि बाबांच्या भाच्याला द्यायचे, असे पारावर ठरले. कप्तानपदाचे जाऊ द्या हो, ते आज याचे, उद्या त्याचे. पण 'गाव विकला' हा शब्द जात नाही. लवूच्या आवशीने, म्हणजे आईने, विहिरीवर जायचे सोडले होते. शेजारणीच्या हातून घागर मागवायची आणि दाराआडून घ्यायची. एके दिवशी ती मागील दाराने भाईंकडे आली. पाटी मनावर घेणारी तीच एक. "भाईनू," ती म्हणाली, "माजो झील तसो नाय. तुमी शोधून काढा."

भाईंनी टोपी सरळ केली. "बाई, संघात फितूर आहे. तो मी रविवारपर्यंत हजर करतो."

आतून भाईंची आत्या हौसाबाई ओरडली, "भाई, माजा वाईच आयक रे—"

"आत्ये, तपास चाललाय!" भाई म्हणाले. बिचारी पुन्हा पाट्यावर आले ठेचू लागली.

आधी आम्ही मैदान तपासले. भाई पुळणीवर पालथे पडले आणि भिंग लावून त्यांनी वाळूचा वास घेतला. भिंगाचा वासाशी काय संबंध, ते मी विचारले नाही. "माशाचे तेल!" ते उठून म्हणाले. "वाळूत तेल ओतून आपल्या पोरांचे पाय घसरवतात."

यशोदा तिथूनच चालली होती. "भाईनू, मालवणच्या पुळणीक माशाचो वास येवचो नाय, तर काय सुरंगीच्या फुलांचो येतलो? आणि हरलो ते कुडाळात. थंय खंयचो समुद्र?"

भाईंनी तिचे नाव संशयितांत घातले.

दुसऱ्या दिवशी बंदरावर उलट्या घातलेल्या होडीच्या आडोशाला लवू आणि गुरुदास बसलेले दिसले. एरवी गावभर ऐकू जाईल असे बोलणारी ही पोरे चक्क कुजबुजत होती, आणि लवूने गुरुदासाच्या हातात कागदाची पुडी दिली.

"कट!" भाई माझ्या कानात ओरडले, आणि झेप घेऊन त्यांनी पुडी जप्त केली. आत पांढरे खडे होते. "सोमल," भाई गंभीरपणे म्हणाले. "जालीम विष. शास्त्रासाठी चाखून पाहिले पाहिजे." आणि त्यांनी एक खडा तोंडात टाकला. मग खाली बसले. "महादू, माझ्यामागे टोपी तुला."

"आणि छत्री?"

"छत्री तुझीच आहे." थोडा वेळ गेला.

"कसा वाटता, भाईनू?"

"गोड," ते म्हणाले. "ही विषाची पहिली खूण." खात्रीसाठी त्यांनी आणखी एक खडा घेतला, मग आणखी एक. घरी पोचेपर्यंत पुरावा निम्मा झाला होता. मी एक खडा चाखला. खडीसाखर होती. पण मदतनिसाने किती बोलावे, यालाही मर्यादा असते.

तिसरा दिवस उलटतपासणीचा. भाईंनी गुरुदासाला गाठले. "खरे बोल! आरोंद्याच्या कोणत्या मुलीसाठी तू हरतोस?"

गुरुदासाने तोंड उघडले, मिटले, मान हलवली आणि काकुळतीने आपल्या गळ्याला हात लावून दाखवला.

"पाहिलेस, महादू? गळा! म्हणजे मंगळसूत्र. प्रकरण लग्नापर्यंत गेले आहे."

हौसाबाई त्या रात्रीही वाढता वाढता म्हणाली, "भाई, तुका कधीचा सांगतंय—" आणि भाई म्हणाले, "आत्ये, माशात मीठ कमी आहे," आणि विचारात बुडाले.

रविवारी सारा गाव देवळात जमला. लवूची आवस बाहेर तुळशीपाशी पदर तोंडात धरून उभी होती. भाई सभामंडपाच्या मधोमध उभे राहिले. बुवा निरूपणाआधी घेतात तसा त्यांनी श्वास घेतला.

"ग्रामस्थहो, प्रश्न तीन. तेल कोणी ओतले? सोमल कोणी आणला? नवरी कोण? या साऱ्यांचे उत्तर एकच." त्यांनी भिंग रोखले. "लवू! तू गाव विकला नाहीस ना? मग सर्वांसमोर तसे सांग!"

लवू उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. त्याने ओठ हलवले. भात्यातून निघावा तसा नुसता वारा निघाला.

"ऐका!" भाई गरजले. "अपराध्याच्या तोंडून शब्द फुटत नाही!"

"काढा तेका!" बाबा उठले. "आजच काढा!"

इतक्यात गर्दीतून वाट काढत हौसाबाई आली. हातात काढ्याची किटली. "शब्द खंयसून फुटतलो, मेल्यांनो? घसो बसलोहा तेचो! सगळ्या पोरांचो बसलोहा. महिनोभर मी तेंका आल्याचो काढो पाजतंय." ती गुरुदासाकडे वळली. "झिला, हुतुतू म्हण बघया."

गुरुदास म्हणाला. त्याच्या मांडीला मांडी लावून मी बसलो होतो, मलाही नीट ऐकू आले नाही.

"पंचाक आयकाक येतलो?" तिने विचारले. "शिटी वाजयत नाय तर काय आरती करीत?"

"पण घसो बसलो कशान?" गावकरांनी विचारले.

"तुमच्या गाराण्यान! खेळाक जावच्या आधी अर्धो दीस 'व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा'! वर आणि तुमी मागून आरडतास, मोठ्यान म्हणा! दम सगळो हयच सपता, मगे थंय काय नेतले?"

मी खाली पाहिले. सप्ताहात घसा जपायला बुवांना दुपारभर गप्प बसवून कोमट पाणी नेऊन देणारा मीच.

"मगे ह्येनी सांगूक नको आमका?" बाबा हळूच म्हणाले.

लवूने हौसाबाईच्या कानात काहीतरी सांगितले. ती म्हणाली, "तो म्हणता, रोज सांगलंव. पारार येवन सांगलंव. पण तुमच्या बोलण्यात आमचा आयकता कोण?"

बाबांनी लवूपुढे हात जोडले. जागा सोडून ते बाहेर तुळशीपाशी गेले आणि लवूच्या आवशीला म्हणाले, "वयनी, फाल्या सकाळी विहिरीर येवा. घागर मी उचलून देतंय." तिने पदर तोंडातून काढला आणि म्हणाली, "उचलूची कशी, ता तरी सांगू नकात म्हणजे झाला." गाव हसला. भाईंनी टोपी काढून भिंग पुसले. "घशाचा संशय मला पहिल्यापासून होता," ते म्हणाले. "म्हणूनच मी तो पुरावा तोंडात ठेवून पाहत होतो."

जत्रेपर्यंत पोरांना बोलायला बंदी झाली, आणि काढा चालू राहिला. सामन्याच्या दुपारी गावकर देवापुढे उभे राहिले. बाबांचे ओठ शिवशिवत होते, यशोदेने पदर चावला होता. भाईंनी उरलेल्या पुराव्यातला एकेक खडा सगळ्यांच्या तोंडात घातला. गावकर एवढेच म्हणाले, "बा देवा, पोरांचो दम राख, आणि आमच्या तोंडाक आवर घाल!"

"व्हय म्हाराजा!" या खेपेला हे आम्ही म्हणालो. पोरे गप्प उभी होती.

आणि मग लवूने गुरुदासाला चढाईला धाडले, पहिला, आणि डावीकडून. काय तो दम! समुद्र क्षणभर मागे सरला असे मला वाटले. भाई म्हणतात ओहोटी होती. शेवटच्या चढाईपर्यंत बरोबरी, आणि एका गुणाने आम्ही जिंकलो. तेव्हा जो गाव ओरडला, तो असा ओरडला की दुसऱ्या दिवशी पारावर एकाचाही घसा शाबूत नव्हता. बाबा उजवीकडे बोट दाखवत, यशोदा डावीकडे. गुण एकच का मिळाला, हा वाद असा हातवाऱ्यांनी चालला होता. लवू पारावरून शीळ घालत गेला. त्याच्या मागून त्याची आवस डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालली होती, भर रस्त्याने, मुद्दाम हळू.

हौसाबाई आता नाही. पण सांगणे एवढेच, की कुठे सामना बघायला उभे राहाल, कप्तानाचे चुकते आहे असे वाटेल आणि जीभ वळवळेल, तेव्हा एकदा हौसाबाईची आठवण काढा. मोठ्याने नको. मनातल्या मनात काढा. तिला पोचते.