तिसऱ्या मजल्यावरचा वास

वच्छला नेहमीसारखी दारातून आत आली आणि ओट्याशी येऊन थबकली. रात्रीची सगळी भांडी घासून, पुसून, पालथी घालून ठेवलेली होती. तिने वळून पाहिलं. सुभद्राबाई सोफ्यावर बसून टीव्ही फार लक्ष देऊन पाहत होत्या. टीव्ही बंद होता.

"आजी, भांडे तुमी घासले का?"

"मी? नाई बाप्पा. मी त कवाची बसून हावो."

"मंग काय आपल्याआपल्यानं धुतल्या गेले? माहं काम पटत नसंल त तसं सांगा. माह्या कामात हात काहून घालून राहिल्या?"

वच्छला रुसली ती रुसलीच. संध्याकाळी अपेक्षा बँकेतून आल्याबरोबर तिने सांगून टाकलं, "ताई, या घरात एक त आजी काम करतीन, नाई त मी."

अपेक्षाने कपाळावर हात मारला. आईचे गुडघे दुखतात म्हणून तिने त्यांना तेल्हाऱ्याहून अमरावतीला आणलं होतं. आईने जन्मभर शेतात आणि चुलीपुढे कष्ट केले, आता तिला काडीही उचलू द्यायची नाही, असं तिने ठरवलं होतं. उठल्या उठल्या हातात चहा यायचा. गोळ्या वेळेच्या आधी समोर यायच्या. काही खावंसं वाटलं की अपेक्षा फोनवर बोट फिरवायची आणि पदार्थ दारात हजर व्हायचा. पहिले काही दिवस सुभद्राबाईंना माहेरपण वाटलं. मग झोप लागेना. पुढे जेवण जाईना. आज वार कोणता, हे त्या दिवसातून दोनदा विचारू लागल्या.

"आई, तुले इथं काई कमी हाये का?"

"नाई वं माय. काईच कमी नाई."

हे खरंच होतं, त्यामुळे तक्रार करायलाही काही उरलं नव्हतं.

एका दुपारी पाय मोकळे करायला म्हणून सुभद्राबाई गच्चीवर गेल्या आणि थक्क झाल्या. चैत्रातलं कडक ऊन अख्ख्या गच्चीवर पसरलं होतं आणि त्यात वाळत काहीच नव्हतं. एवढं चांगलं ऊन वाया जाताना त्यांना पाहवेना. दुसऱ्या दिवशी अपेक्षा बँकेत गेल्यावर त्यांनी घरच्या शेतातला गहू मोठ्या बादलीत भिजवला आणि एकेक पायरी टेकत बादली वर नेली. गच्चीच्या दाराशी एक मोडका कूलर पडला होता. त्याच्यामागे बादली झाकून ठेवली. कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो. रोज त्या चोरून वर जायच्या, पाणी बदलायच्या आणि खाली येऊन सोफ्यावर बसायच्या. गुडघे दुखायचे थांबले होते, पण हे कोणाला सांगता येत नव्हतं.

उन्हाच्या झळांनी गहू चांगला आंबला. वास जिना उतरून खाली आला आणि तिसऱ्या मजल्यावर दाटून राहिला.

पहिली हाक सोसायटीचे अध्यक्ष सूर्यभानजींनी दिली. "नाली तुंबली!" त्यांनी माणसं बोलावून नाली उपसून घेतली. वास गेला नाही. मग पाण्याच्या टाकीत काही मेलं असेल म्हणून टाकी रिकामी केली. टाकीत काही सापडलं नाही, पण सगळ्या इमारतीचं पाणी गेलं. खालच्या मजल्यावरच्या एका बाई डोक्याला शाम्पू लावलेल्या अवस्थेत भांडायला बाहेर आल्या.

"तुमाले काई वास येऊन राहिला का, आजी?" सूर्यभानजींनी विचारलं.

सुभद्राबाईंनी मनापासून हुंगून पाहिलं. "नाई बा. मले त काईच घान वास नाई येऊन राहिला."

त्या खोटं बोलत नव्हत्या. कुरडईच्या गव्हाला कोणी घाण वास म्हणेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तेवढ्यात जिना झाडायला वर गेलेली वच्छला धावत खाली आली. तिचा चेहरा उतरला होता.

"वकीलसायबाच्या कडीले कालचाबी डबा लटकून हाये न आजचाबी! अन् वास तिथूनच येऊन राहिला!"

तिसऱ्या मजल्यावर गोपाळकृष्ण वकील एकटे राहत. मुलगा गौरांग पुण्याला. त्याने वडिलांची अशी चोख सोय लावून दिली होती की त्यांना दाराबाहेर पडायची गरजच नव्हती आणि त्यांच्या दारात जायची इतर कोणालाही गरज नव्हती. त्यांना शेवटचं कोणी, कधी पाहिलं, हे कोणालाच आठवेना. सगळे वर धावले. बेल वाजवली, दार ठोठावलं. आतून चकार शब्द नाही. सूर्यभानजींनी घाईघाईने गौरांगला फोन लावला.

"अंकल, बाबांचं सगळं व्यवस्थित आहे," गौरांग म्हणाला. "हे बघा, डबा पोचलाय, दूध पोचलंय, औषधं पोचलीत. मला इथे ॲपवर सगळं दिसतं."

"ते सारं पोचलं बाप्पा, पन तुहे वडील कुठी हायेत?"

पलीकडून हलकेच आलं, "अंकल, दार तोडा."

सुभद्राबाई जिन्यातच बसल्या आणि पदर डोळ्याला लावून रडू लागल्या. "मान्सासारखा मानूस वर एकटा गेला, अन् मी खाली बंद टीव्ही पाहून राहिली होती!"

सूर्यभानजींनी खांद्याची धडक दिली. तिसऱ्या धडकेला कडीकोयंडा उखडून दूर पडला आणि ते दाराबरोबर आत गेले. समोर बनियनवर, हातात पेपर घेऊन गोपाळकृष्ण उभे होते.

"हे काय? कोणत्या कायद्याखाली तोडलंत दार?"

"तुमी... जित्ते हा?" वच्छला म्हणाली.

खाणाखुणा झाल्यावर वकीलसाहेबांनी टेबलावरचं श्रवणयंत्र कानात घातलं. ते काढून का ठेवलं होतं, तर कोणी बोलायलाच येत नाही म्हणून. आणि डबे?

"भूक लागायच्या आधीच डबा येतो. म्हटलं, यावेळी भूक लागेपर्यंत थांबून बघू. पण लागतच नाही."

मग ते बोलता बोलता थांबले. नाक वर करून त्यांनी दोनदा श्वास घेतला.

"कुरडईचा गहू कोणी भिजवलाय?"

सगळ्या माना फिरत फिरत जिन्यात बसलेल्या सुभद्राबाईंवर येऊन थांबल्या.

बातमी कळून अपेक्षा बँकेतून धावत आली, तेव्हा मोडक्या कूलरमागची बादली जिन्याच्या मधोमध आणून ठेवलेली होती. तिचे डोळे भरून आले. "आई, आमी तुले काय कमी केलं वं?"

"तू काईच कमी नाई केलं, माय," सुभद्राबाई तिचा हात धरून म्हणाल्या. "पन मी दिवसभर काय करू, थे सांग न."

सूर्यभानजी बादली फेकून द्यायला निघाले, तेव्हा वकीलसाहेब आडवे आले. "पुराव्याला हात लावायचा नाही. आमच्या घरी चैत्रात हा वास असायचाच. गहू फेकायचाच असेल तर मला दाराची भरपाई म्हणून द्या."

रात्रीच गहू वाटून, गाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. वच्छला चीक हाटायला बसली आणि सुभद्राबाईंना काम नीट जमत नाही म्हणून तिने मनसोक्त बोलून घेतलं. अपेक्षाने सोऱ्या दाबला. पहिल्या कुरड्या वेड्यावाकड्या आल्या. वकीलसाहेब टोपी घालून, काठी घेऊन कावळे हाकत उन्हात बसले आणि दुपारी त्यांनी तीन पोळ्या खाल्ल्या. मग वाळवण आणून ठेवायला, चाळणी मागायला, आंबट चिकाची चव दाखवायला लोक त्यांच्या उघड्या दारातून जा-ये करत राहिले.

गौरांगने पुण्यात बसून फोनवरूनच ताबडतोब सुतार पाठवला. अवजारांची पिशवी घेऊन तो दारात उभा राहिला, तेव्हा वकीलसाहेब सुभद्राबाईंबरोबर चहा पीत होते.

"साहेब, कडी बसवायची होती ना?"

गोपाळकृष्णांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. चाळीस वर्षं कोर्टात काढलेला माणूस तो.

"आज नाही," ते म्हणाले. "पुढची तारीख घ्या."