दाराला लागलं का?

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी दहाच्या सुमारास, हातात अनामत रकमेचं पाकीट आणि शेजारी बायको व साडेचार वर्षांची जुई असताना, मी एका दाराची माफी मागितली. दार साधं होतं. सागवानीसुद्धा नव्हतं.

झालं ते असं. भिवंडीत कामतघरच्या त्या इमारतीत खोली भाड्याने घ्यायला गेलो आणि आत शिरताना जुईचं कपाळ दारावर आपटलं. ती भोकाड पसरणार, तेवढ्यात कुठलाही बाप करतो ते मी केलं. दाराला दोन चापट्या मारल्या. "हात् रे दारा! माझ्या बाळाला मारतोस?" जुई हसण्याच्या बेतात आली आणि मागून असा आवाज आला की आम्ही तिघं भिंतीला चिकटलो.

"त्याला का मारतंस? ते काय तिच्या अंगावर धावून गेलं?"

या शेवंताआत्या. इमारतीच्या मालकीण. माझ्यापेक्षा चार बोटं उंच, वय सत्तरीपुढे, गळ्यात एवढं सोनं की आधी ते दिसतं आणि मग त्या. वळ गावात त्यांची भातशेती होती, तिथे आता गोदामं आहेत. त्यातल्याच एका गोदामाचे हिशेब मी बघतो, हे कळल्यापासून मी 'हिशोबवाला' झालो.

"हात फिरव त्याच्यावरून. इचार, लागलं का."

खोली हवी होती. मी विचारलं.

आमच्या खालीच कापड विणायचे लूम चालतात. खडखडाट इतका की घरातल्या घरात आम्ही ओरडून बोलतो. आत्यांना ओरडावं लागत नाही. त्यांचा साधा आवाजच लूमच्या वरून जातो. शेजारचे इर्शादभाई, हातभर रुंद छातीचा माणूस, लूमवर पंचवीस कामगारांना दमात घेतात. पण जिन्यात आत्यांची पावलं वाजली की नळ बंद करून मला खुणावतात, "भाईसाब, बालटी अंदर लो. तूफान आ रहा है."

पोरांना मात्र ही बाई मुळीच भीतीदायक वाटत नाही. दुपारभर इमारतीतली सगळी पोरं तिच्या गॅलरीत. तिथे नियम एकच. कुणी पडलं तर आधी स्वतःचा गुडघा चोळायचा, मग ज्याच्यावर पडलो त्याला विचारायचं, "तुला लागलं का?" उत्तर येईपर्यंत विचारायचं.

मी एकदा धीर करून म्हणालो, "आत्या, फरशी काय उत्तर देणार?"

"मारायला शिकवावं लागत न्हाय, हिशोबवाल्या. ते दुधाबरोबर येतं. इचारायला शिकवावं लागतं."

जुई चांगली शिकली. हातातून पडलेल्या झाकणाला विचारू लागली, चपलेला विचारू लागली. खलबत्त्यात लसूण पाहून रडली, तेव्हापासून बायकोने चटणी ठेचणं सोडलं. इथवर ठीक होतं.

मग कुत्रा आला. गल्लीच्या तोंडाशी एक तपकिरी कुत्रा बसतो. टेम्पोखाली मागचा पाय गेल्यापासून तो सावलीवरसुद्धा दात काढतो, दोन माणसांना चावलाय. एका संध्याकाळी कामावरून येताना पाहिलं, जुई त्याच्यापासून वीतभर अंतरावर उकिडवी बसली होती. "तुला लागलं का? सांग ना." कुत्र्याचा ओठ वर गेला होता. हाक मारावी तर तो बिथरेल, न मारावी तर ती हात पुढे करेल. मी मागून गेलो, तिला उचललं आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत थांबलो नाही.

त्याच दिवशी ठरवलं. खोली सोडायची, अनामत परत मागायची. दयाळू पोर हवी, पण जिवंत हवी.

दुसऱ्या दिवशी आत्यांकडे गेलो. "चहा घे," त्या म्हणाल्या. घेतला, इमारतीच्या पाण्याची तारीफ केली आणि खाली आलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तांदळाची भाकरी खाऊन आलो. बायको म्हणाली, "आता काय, जेवण करून याल?"

तिसऱ्यांदा, दुपारी, मी सदऱ्याची बटणं लावत असताना वीज गेली. सगळे लूम एकदम थांबले. भिवंडीत त्या आवाजाने कुणी दचकत नाही, तो बंद पडला की दचकतात. त्या शांततेत जिन्यातून धाडकन आवाज आला आणि एक किंकाळी.

"जुई कुठाय?" बायको म्हणाली.

जुई घरात नव्हती.

आमच्या जिन्याला खिडकी नाही. मोबाईलचा उजेड लावून मी खाली धावलो. दहा पायऱ्यांत मनातल्या मनात मला तो कुत्रा दिसला, रक्त दिसलं, नको ते सगळं दिसलं. मागे इर्शादभाई पुटपुटत येत होते, "या अल्लाह, बच्ची ना हो."

वळणावर आत्या पडल्या होत्या. एक पाय वाकडा. शेजारी जुई बसून पायरीवरून हात फिरवत होती.

"पायरीला विचारलं. तिला नाही लागलं. आत्या, तुला लागलं का?"

"न्हाय!" असा आवाज आला की इर्शादभाई एक पायरी मागे गेले.

जुई हलली नाही. "खरं सांग. लागलं का?"

आत्यांची हनुवटी हलली. "लागलं गं," त्या म्हणाल्या. लूम चालू असते तर ऐकूच आलं नसतं, इतक्या हळू.

मग आमच्याकडे न बघता, जुईलाच सांगितलं. "लग्न होऊन आले ना, तवा घरात कुणाचं काय बी बिघडलं का मार मला. भाताला कीड लागली, मला. बैल लंगडला, मला. तुझा बाप दाराला मारतो ना, तसं. एकानं बी कधी इचारलं न्हाय."

"आता दुखतं?"

"आता पाय दुखतो."

इर्शादभाईंनी आणि मी त्यांना खाली आणलं. टेमघरला डॉक्टरकडे न्यायला रिक्षा बोलावली. चढताना त्यांचं डोकं वरच्या दांडीवर आपटलं. माझा हात सवयीने दांडीला चापट मारायला उठला. तो तिथेच थांबला.

"आत्या, लागलं का?"

"आधी दांडीला इचार," त्या म्हणाल्या, आणि माझा हात धरला तो टेमघरपर्यंत सोडला नाही.

रिक्षाचं भाडं मी दिलं. अनामत अजून आत्यांकडेच आहे.