केतुतरावांच्या अस्थी

उंदरांच्या अंत्यसंस्काराची सगळी तयारी झाली आणि मग नेंगा कांताच्या लक्षात आलं, की जाळायला गावात उंदीरच उरलेला नाही.

पुजारीबाबांनी दिवस काढून दिला होता. बायकांनी झावळ्यांच्या परड्या विणून अंगणं भरली होती, मयत ठेवून जाळायच्या मनोऱ्याचे बांबू तासून झाले होते. आमच्या तबानान जिल्ह्यात उंदीर भाताला लागले की आम्ही त्यांना मारतो, आणि मग माणसासारखं वाजतगाजत जाळतो. नीट निरोप दिला की आत्मा वर जातो, परत शेतात येत नाही. बांधावर उभं राहून त्यांना उंदीर म्हणायचीही सोय नाही, राग येतो त्यांना. जेरो केतुत म्हणायचं. म्हणजे आपलं केतुतराव म्हणा ना.

या अंत्यसंस्काराचा नवस बोललो तेव्हा केतुतरावांनी अर्धं पीक फस्त केलं होतं. पण बोलणं आणि फेडणं यांच्या मध्ये घुबडं आली.

ती आणली कांताने. कांता आमच्या खालच्या पाटाचा पेकासे, म्हणजे पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं ते ठरवणारा मुख्य. सरकारची घुबडांची योजना कुणी घेईना, कारण घुबड घरावर बसलं की घरातलं माणूस जातं हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक. कांताने पहिली जोडी स्वतःच्या धान्याच्या कोठीत ठेवली आणि हाताने भरवून वाढवली. लोकांनी त्याच्या अंगणातून जाणं सोडलं. उसनं मागायला येणारेही यायचे बंद झाले, आणि योजनेचा हा पहिला फायदा त्याची बायको लूह सार्नी अजून बोलून दाखवते. मग शेतात खांब उभे राहिले, खांबांवर लाकडी घरटी आली, आणि वर्षभरात शेतं अशी स्वच्छ झाली की कांताची छाती सदऱ्यात मावेना. बाजारात, देवळात, कोंबड्यांच्या झुंजीत, जिथे जाईल तिथे तो सांगायचा, "आमच्या पाटावर उंदीर औषधालाही मिळायचा नाही."

"घ्या," लूह सार्नी म्हणाली, "आता औषधाला लागलाय."

विधी पुढे ढकलावा म्हटलं तर देवाला दिलेला शब्द. शिवाय त्याच दिवशी हार्तातीबाई येणार होत्या. बाई प्रांताच्या शेती खात्यातल्या, योजनांचा खर्च आणि फायदा तोलून बघणाऱ्या. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, की खांब दिसतात, घरटी दिसतात, म्हणजे खर्च दिसतो. फायदा मात्र 'उंदीर नाहीत' एवढाच. जे नाही ते त्या तराजूत कसं घालणार? डोळ्यांना दिसेल असं काही दाखवा, नाहीतर या हंगामानंतर घरटी उतरवायची. त्या रात्री कांता जेवला नाही. हाताने भरवलेली पाखरं होती ती.

उंदीर हवे असतील तर जागा एकच होती, वरचा पाट. तिथला पेकासे पुतू रेगेग. त्याने घुबडांना अभद्र म्हणून हाकलून दिलं होतं आणि कांताला वर्षभर 'घुबडांची दाई' म्हणून चिडवलं होतं. कांता मान खाली घालून टेकडी चढला. रेगेगने त्याला बसवलं, कॉफी दिली, इकडचं तिकडचं विचारलं आणि शेवटी, दादा म्हणावं तसं ब्ली लावून म्हणाला, "ब्ली कांता, एवढ्या उन्हात कसं येणं केलं?"

कांता कपाकडे बघत म्हणाला, "थोडे केतुतराव हवे होते."

रेगेग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. तो गंभीरपणे विचारात पडला आणि म्हणाला, देऊ की, जिवंत देऊ, ताजे. पण मग मयत कुणाच्या घरचं? वरच्या पाटाचं. तेव्हा घरची मंडळी म्हणून पुढच्या ओळीत बसणार वरचा पाट. पहिली पंगत वरच्या पाटाची. आणि मनोरा जरा उंच करा, आमचे केतुतराव खाऊनपिऊन सुखी आहेत, ठेंगण्या मनोऱ्यात शोभायचे नाहीत. कांताने सगळं कबूल केलं. अडला हो बिचारा.

गावात मग बोंब झाली. मनोरा उंचावायचा म्हणून आणखी बांबू तोडले. वरच्या पाटाची पंगत म्हणून एका डुकराची दोन डुकरं झाली. ज्यांच्या शेतात उंदीर नाहीत त्यांनी ज्यांच्या शेतात आहेत त्यांना जेवू घालायचं, हा कुठला हिशोब, असं जो तो विचारू लागला, आणि कांता सगळ्यांना एकच सांगत होता, की घुबडं वाचवायचीत.

आदल्या दिवशी रेगेगची माणसं बांबूचा पिंजरा घेऊन आली. आत केतुतराव खच्चून भरलेले. पिंजरा कांताच्या अंगणात ठेवला आणि सगळे मनोऱ्याच्या कामाला गेले. आता बांबूच्या पिंजऱ्यात उंदीर ठेवणं म्हणजे त्यांना जेवणाच्या ताटात ठेवणंच झालं, पण घाईत ते कुणाला सुचलं नाही. ऊन उतरेपर्यंत पिंजऱ्याला भगदाड पडलं आणि मंडळी ओळीने आमच्या भरल्या शेतात उतरली.

आणि तेवढ्यात संध्याकाळ झाली. घरट्यांच्या तोंडाशी पांढरे चेहरे दिसू लागले.

तो प्रसंग आम्ही जन्मात विसरणार नाही. घुबडं आवाज न करता खाली येत होती, उचलत होती, परत जात होती. एकाचाही नेम चुकला नाही. आणि वर्षभर त्यांचं कौतुक सांगणारा कांता पंचा फडकवत बांधाबांधावरून धावत होता, "अरे, दोन तरी ठेवा रे मला." पुढे तो सांगायचा, की एवढा अभिमान आणि एवढी पंचाईत एकाच वेळी त्याला कधी झाली नव्हती. अंधार पडला तेव्हा शेत पुन्हा स्वच्छ होतं.

सकाळी पुजारीबाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "देह नसला म्हणून काय झालं? आपण आपली माणसं पुरतो आणि काही वर्षांनी अस्थी काढून जाळतोच ना. अस्थी आणा."

"घुबडाने खाल्लेल्याच्या अस्थी कुठून आणू?" कांता रडकुंडीला आला होता.

"खांबाखाली पाय ठेवायला जागा नाही," लूह सार्नी म्हणाली, "आणि हा विचारतो हाडं कुठून आणू."

खरंच की. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि केस-हाडांचा गोळा ओकून टाकतं. वर्षभराचे गोळे खांबाखाली साचले होते. सगळं गाव टोपल्या घेऊन धावलं. हार्तातीबाई गाडीतून उतरल्या तेव्हा मनोऱ्यापुढे पांढऱ्या कापडाने झाकलेल्या टोपल्यांची रांग लागली होती. बाईंनी एक कापड उचललं. आत इवल्या इवल्या कवट्या.

"हा फायदा," कांता म्हणाला. "हात लावून बघा."

बाई वाकून बघत राहिल्या. इतक्यात वरचा पाट वाजतगाजत आला आणि थेट पुढच्या ओळीत बसायला लागला. आमच्या लोकांनी अडवलं. तुमचे केतुतराव काल पळाले, आता या अस्थी आमच्या, तुम्ही मागे बसा. रेगेगचा चेहरा लाल झाला.

"तुमच्या कशा?" तो सगळ्यांदेखत म्हणाला. "तुमच्याकडे तर औषधालाही उंदीर नाही ना? मग इतकी हाडं आली कुठून? वर्षभर रोज तिन्हीसांजेला तुमची घुबडं आमच्या बांधावर येतात, मी डोळ्यांनी बघतो. ही सगळी माणसं, म्हणजे हे सगळे केतुतराव, आमचे आहेत."

हार्तातीबाई सावकाश उभ्या राहिल्या. "म्हणजे घुबडं यांची आणि शेत साफ होतंय तुमचंही?"

रेगेग उगाच टोपलीवरचं कापड नीट करू लागला.

"मी फायदा एकाच पाटाचा धरला होता," बाई म्हणाल्या. "हा तर दोघांचा निघाला. योजना राहणार. फक्त खांबांचा खर्च आणि राखण यापुढे दोन्ही पाटांनी वाटून घ्यायची. अस्थी यांच्या असतील तर निम्मा वाटा यांचा, नसतील तर यांनी मागे बसावं."

रेगेगने पुढच्या ओळीकडे पाहिलं. उंच मनोऱ्याकडे पाहिलं. खरपूस भाजलेल्या डुकरांचा वास येत होता, आणि त्याचा सगळा पाट त्याच्या तोंडाकडे बघत होता. मग तो हळूच खाली बसला, पुढच्या ओळीत, मधोमध.

मनोरा छान पेटला. कांता ज्वाळांकडे बघतच नव्हता, तो लांबच्या खांबावरल्या घरट्याकडे बघत होता. आत त्याची पाखरं झोपली होती. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्याने धूर गेला म्हणून सांगितलं, आणि वारा उलट्या दिशेचा होता हे आम्ही कुणी बोललो नाही.

पंगती उठल्या, वरचा पाट निघाला, तेवढ्यात लूह सार्नीने हाक मारून सगळ्यांना थांबवलं. मयताच्या घरच्यांना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणाली. आमच्या पोरांनी कोठीमागचा एक जादा खांब आणि नवंकोरं घरटं आणून दिलं. टेकडीच्या वळणापर्यंत आम्ही बघत होतो. रेगेगने घरटं दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही, स्वतःच्या डोक्यावर घेऊन गेला.